‘वाचले व समजले’खालची सही

पत्र : ताई, नमस्कार. माझं वय ४४. गेली १९ वर्षं मी वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करते. त्यातली १४ वर्षं इन्फ्युजन पंपांवर, म्हणजे रुग्णाला नळीतून ठरलेल्या दराने औषध देणाऱ्या यंत्रांवर. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. पंप चालू केला की मोटारीच्या आवाजावरून बिघाड कुठे असेल याचा अंदाज येतो. पण आता नवे पंप येताहेत. ते वाय-फायवर चालतात, औषधांची यादी सर्व्हरवरून उतरवून घेतात, आणि बरेचसे बिघाड लांबूनच सोडवले जातात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे लागलेला २६ वर्षांचा मुलगा लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत जे सांगतो, ते मला कळतसुद्धा नाही. साहेबांनी मागच्या महिन्यात सगळ्यांना ‘स्किल अपग्रेड करा’ म्हणून सांगितलं. म्हणजे नेमकं काय करा, ते सांगितलं नाही. ऑनलाइन मोड्यूल दिलीत, ती मी रात्री क्लिक करत संपवते. खरं सांगायचं तर नव्या एसओपींच्या (काम कसं करायचं याच्या लेखी पद्धतींच्या) खाली ‘वाचले व समजले’ ही सहीसुद्धा कित्येकदा न वाचताच करते. एका आठवड्यात अकरा आल्या होत्या. कर्ज काढून दोन वर्षांचा डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स करावा का? की आता आपल्याला हे जमणार नाही हे मान्य करून स्टोअर्समध्ये बदली मागावी?
— एक तंत्रज्ञ

उत्तर :

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही कोर्स आणि बदली याबद्दल विचारलंय, आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण मधेच ओझरतं लिहून तुम्ही पुढे गेलात ते सहीचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. आधी त्याबद्दलच बोलते, कारण तशा सह्या मीही केल्या आहेत.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. सिरिंज पंपाच्या चाचणीची एसओपी बदलली. नव्या आवृत्तीत ऑक्लूजन अलार्म (नळी बंद झाली की वाजणारा इशारा) दोन वेगवेगळ्या दाबांवर तपासायचा होता. माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा आला, मी एका दमात सगळीकडे सह्या केल्या आणि बेंचवर जाऊन पूर्वीसारखीच एका दाबावर चाचणी घेत राहिले. सात आठवडे. ऑडिटच्या वेळी नोंदी आणि एसओपी शेजारी शेजारी ठेवल्यावर हे उघड झालं. ३१ पंप परत बोलवावे लागले. कुणाला इजा झाली नव्हती, सगळे पंप दुसऱ्या दाबावरही पास झाले. पण एका अतिदक्षता विभागाने ते दोन दिवस जुन्या पंपांवर काढले, आणि तिथल्या सिस्टर फोनवर मला एवढंच म्हणाल्या, “तुमचं स्टिकर बघूनच आम्ही पंप लावतो हो.” ते वाक्य अजून कानात आहे.

आपल्या क्षेत्रात प्रशिक्षणाची नोंद हा ऑफिसातला साधा कागद नसतो. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १३४८५, त्यात कर्मचाऱ्यांच्या सक्षमतेचं वेगळं कलम आहे. प्रशिक्षण दिलं एवढ्यावर ते कलम थांबत नाही. त्या प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे संस्थेने तपासायला हवं, आणि ज्या कामात धोका जास्त त्या कामाची तपासणीही तितकीच कसून व्हायला हवी, असं ते सांगतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २ फेब्रुवारी २०२६ पासून उपकरणांसाठीचे आपले दर्जानियम याच मानकाशी जोडले आहेत. म्हणजे जगात बऱ्याच ठिकाणी हे काम करायचं तर याच मानकाशी गाठ आहे. आणि या मानकाच्या दृष्टीने बघितलं तर आठवड्यात अकरा एसओपी पाठवून सह्या गोळा करणं ही तुमच्या एकटीची चूक उरत नाही. ती तुमच्या संस्थेच्या व्यवस्थेतली त्रुटी आहे. तुम्ही ती लपवताय, त्यामुळे ती कुणाला दिसत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. क्वालिटी विभागात ज्यांच्याशी तुमचं बोलणं चांगलं आहे त्यांच्याकडे जा आणि सांगा, “या अकरापैकी माझ्या बेंचशी संबंधित इतक्या आहेत. त्या मी पुन्हा वाचते. एखाद्या चाचणीची पद्धत बदललेली असेल तर शेजारी उभं राहून मला ती करताना बघा आणि मग नोंद करा.” मागच्या सह्यांबद्दल विचारलं तर खोटं बोलू नका. बहुतेक ठिकाणी हे ऐकून क्वालिटीवाल्यांना हायसं वाटतं, कारण ऑडिटरने शोधून काढण्यापेक्षा आतल्या माणसाने सांगणं त्यांना केव्हाही परवडतं. पुढच्या वेळी एसओपी आली की पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. आधी आवृत्तीच्या इतिहासाचा तक्ता उघडा. काय बदललं आणि का बदललं हे तिथे चार ओळींत असतं. ‘का’ नीट लिहिलेलं नसेल तर विचारा. बदलामागे बहुधा कुठली तरी तक्रार असते, आणि ती तक्रार कळली की बदल लक्षात राहतो.

आता तुमच्या कोर्सकडे येते.

डेटा सायन्स वाईट नाही. पण कर्ज काढायच्या आधी स्वतःला एक विचारा : त्या कोर्सने सुटेल असा तुमच्या बेंचवरचा एक तरी प्रश्न आज तुमच्याकडे आहे का? असेल तर मला खोडून काढा. मला मात्र पत्रावरून असं वाटतं की सगळे जे नाव घेताहेत त्याच्या मागे तुम्ही भीतीने निघाला आहात. भीतीने घेतलेला कोर्स सहाव्या महिन्यात रखडतो, हे मी स्वतः प्रशिक्षणं देत असताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुम्हाला ज्याची उणीव भासते ते विषय म्हणून फार लहान आहे : फर्मवेअर (यंत्राच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) म्हणजे काय, लॉग (यंत्राने ठेवलेली घडामोडींची नोंद) कसा वाचायचा, पंप नेटवर्कवर काय बोलतो. याला दोन वर्षं लागत नाहीत. आणि यातलं निम्मं तुम्हाला दुसऱ्या नावाने आधीच माहीत आहे.

उदाहरण देते. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इन्फ्युजन पंपांबद्दल एक मोठी मोहीम सुरू केली. २००५ ते २००९ या पाच वर्षांत त्यांच्याकडे या पंपांबाबत दुर्घटनांचे सुमारे ५६,००० अहवाल आले होते आणि ८७ वेळा पंप बाजारातून परत बोलवावे लागले होते. कारणं शोधली तेव्हा यांत्रिक आणि विद्युत बिघाडांबरोबर सॉफ्टवेअरमधले दोष आणि पडदा-बटणांची गोंधळात टाकणारी मांडणी हीही समोर आली. त्यातला एक दोष होता ‘की बाउन्स’ : बटण एकदा दाबलं तरी पंप ते दोनदा दाबलं असं समजतो. ५ चे ५५ झाले तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता हा दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा? बटणाचे दोन संपर्क एकमेकांवर आदळतात तेव्हा ते लगेच स्थिरावत नाहीत, काही मिलिसेकंद थरथरतात. हे तुम्ही ऑसिलोस्कोपवर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पाहिलं असेल. पूर्वी ती थरथर शमवायला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावत. आता फर्मवेअरमधल्या चार-पाच ओळी तेच काम करतात : बटण दाबलं गेल्यावर थोडं थांबा, पुन्हा बघा, अजूनही दाबलेलंच असेल तर मोजा. किती थांबायचं हा आकडा चुकला, किंवा कीपॅड जुना होऊन त्याची थरथर त्या आकड्यापेक्षा जास्त लांबली, की ५ चे ५५ होतात. त्या मुलाला त्या ओळी वाचता येतात. कीपॅड वर्षानुवर्षं जंतुनाशकाने पुसून पुसून कसा मऊ पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. दोष मात्र या दोन्हींच्या मधोमध बसलेला आहे.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. तुमचं यंत्र सोडून दूरच्या विषयाकडे धावू नका. त्याच यंत्राच्या पुढच्या थरात उतरा. मोटारीनंतर मोटार चालवणारं सर्किट येतं, त्यानंतर त्याला आज्ञा देणारं फर्मवेअर, मग फर्मवेअर लिहून ठेवतं तो लॉग, आणि लॉग जिथे जातो ते नेटवर्क. मोटारीचा आवाज ओळखणारी बाई हा रस्ता बाहेरून आलेल्या कुणापेक्षाही कमी ठेचकाळत चालेल.

सुरुवात कुठून? तुमच्या कपाटातल्या ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असलेल्या फायलींपासून. प्रत्येक वर्कशॉपमध्ये त्या असतात. वॉर्डातून पंप येतो, तक्रार असते ‘सारखा अलार्म वाजतो’. आपण बेंचवर लावतो, सगळं ठीक येतं, शेरा मारून परत पाठवतो. महिन्याने तोच पंप पुन्हा येतो. अशा दहा फायली काढा, फक्त ऑक्लूजन अलार्मच्या. प्रत्येक पंपाचा इव्हेंट लॉग उतरवून घ्या (कसा ते त्या मुलाला विचारा, यावर पुढे बोलते) आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडा. पहिल्या दिवशी काही कळणार नाही. वेळ, कोड, प्रवाहाचा दर, दाब असे रकाने दिसतील. एकच अलार्म निवडा आणि त्याच्या आधीच्या वीस ओळी वाचा. दर किती होता? तासाला १ मिलिलिटरसारखा अगदी कमी दर असेल, तर नळी बंद झाल्यावर दाब चढायला खूप वेळ लागतो, अलार्म उशिरा वाजतो आणि सिस्टरना वाटतं की तो विनाकारण वाजला. बेंचवर आपण चाचणी घेतो जास्त दराने, म्हणून आपल्याला सगळं ठीक दिसतं. अलार्म ठरावीक वेळांनाच येताहेत का? मग रुग्णाचा हात कोपरात वाकण्याशी किंवा कूस बदलण्याशी संबंध असू शकतो. एकाच वॉर्डातले पंप आहेत का? मग तिथे नळीचा वेगळा सेट वापरत नाहीत ना, ते जाऊन बघा.

हे करताना तुम्ही डेटा गाळायला, क्रम लावायला, दोन रकान्यांची सांगड घालायला शिकाल. कुणी त्याला डेटा ॲनालिसिस म्हणेल. तुम्ही त्याला बिघाड शोधणं म्हणा, तेच खरं आहे. दहा फायलींनंतर पन्नास घ्याव्याशा वाटल्या आणि स्प्रेडशीट अपुरी पडायला लागली, तर त्या दिवशी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा छोटा कोर्स लावा. तेव्हा तो डोक्यात बसेल, कारण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत असेल. आणि वर्षभराने डेटा सायन्सच्या त्या मोठ्या कोर्सचा मोह उरलाच, तर तो त्या वेळी तुमच्या गरजेतून आलेला असेल. मग जरूर करा.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाने पुढे काही घडवल्याचं उदाहरण हवं असेल तर अर्ल बाकन यांचं घ्या. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेताना हा माणूस अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधल्या रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करायचा. १९४९ मध्ये मेहुण्याबरोबर गॅरेजमध्ये त्याने दुरुस्तीचा धंदा टाकला, तीच पुढची मेडट्रॉनिक ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली, आणि हृदयशल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी बाकनला बॅटरीवर चालणारं काहीतरी कर म्हणून सांगितलं. त्याला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात पाहिलेलं मेट्रोनोमचं, म्हणजे संगीतातला ठेका मोजणाऱ्या यंत्राचं, सर्किट आठवलं. त्यात फेरफार करून सुमारे चार आठवड्यांत त्याने गळ्यात अडकवता येईल असा पेसमेकर तयार केला. यातून तुम्ही कंपनी काढावी असं मला सुचवायचं नाही. रुग्णालयात काय अडतंय हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मासिकातलं सर्किट त्याला उपयोगी पडलं. तेच सर्किट त्या महिन्यात हजारो लोकांनी पाहिलं असेल.

त्या मुलाबद्दल. पत्रात त्याचा उल्लेख करताना तुमची लेखणी जरा अडखळली, असं मला जाणवलं. साहजिक आहे. १९ वर्षांनंतर २६ वर्षांच्या पोराला “हे मला समजाव” म्हणणं सोपं नाही. पण फक्त मागायला जाऊ नका, देवाणघेवाण करा. “मला लॉग उतरवायला शिकव, मी तुला पंपाचा आवाज ऐकायला शिकवते,” असं सरळ सांगा. तुम्हा दोघांची जोडी का हवी, हे मी थेरॅक-२५ च्या गोष्टीवरून शिकले, आणि ती गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना कित्येक पटींनी जास्त किरणमात्रा दिली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुरूच होऊ नयेत म्हणून हार्डवेअरचे अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून सगळी जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली होती. सॉफ्टवेअरमधली एक चूक जुन्या यंत्रातही होती, पण तिथे फक्त फ्यूज उडायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर शहरात पहिला अपघात झाला तेव्हा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच आलं. निर्मात्यांच्या अभियंत्यांनी येऊन तपासलं, त्यांना दोष सापडेना, यंत्र पुन्हा वापरात आलं आणि काही दिवसांतच दुसरा अपघात झाला. मग तिथला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर दोघं मिळून यंत्रासमोर बसले. त्या वेळी आपण नेमकं काय टाइप केलं होतं, ते तिला आठवत होतं : आधी किरणांचा चुकीचा प्रकार टाकला, मग वरच्या बाणाने मागे जाऊन झटपट दुरुस्त केला. तिच्यासारख्याच सरावाच्या वेगाने हे केलं, की दोष हमखास उगवायचा. सावकाश केलं तर नाही. अभियंते सावकाश टाइप करत होते.

तिच्या बोटांना माहीत असलेली गोष्ट तिने तोंडाने सांगितली, म्हणून ते सापडलं. तुमच्या बोटांना असं काय काय माहीत आहे, ते तुमच्या वर्कशॉपमध्ये कुठे लिहून ठेवलंय का? बहुधा नाही. तुम्ही स्टोअर्समध्ये गेलात तर ते तुमच्याबरोबर जाईल. त्यामुळे बदलीचं माझं उत्तर : मागू नका. निदान वर्षभर तरी नको. पाठीचा त्रास, घरची जबाबदारी असं काही कारण असतं तर मी वेगळं बोलले असते. तुम्ही दिलेलं कारण भीतीचं आहे, आणि ते स्टोअर्समध्येही तुमच्या मागे येईल, कारण तिथलंही सगळं संगणकावर चाललंय.

वयाबद्दल थोडक्यात. नवी, कशाशीच न जोडलेली माहिती पाठ करायला विशीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरं. पण जुन्या जाणत्या गोष्टीला जोडलेलं नवं चांगलं टिकतं, आणि जोडायला तुमच्याकडे १९ वर्षांचं काम आहे. तुमची अडचण वयापेक्षा पद्धतीची आहे. रात्री थकून क्लिक करत जाणं याला मी शिकणं म्हणत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून झाकून ठेवला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत झाकून आठवणारे पुढे गेले. म्हणून मोड्यूलचा एक भाग झाला की पडदा झाका आणि कोऱ्या कागदावर लिहा : यातलं माझ्या पंपाला काय लागू पडतं? दोन दिवसांनी पुन्हा लिहा. चुकलं तर चुकू द्या.

आणि हे रात्री करू नका. साहेबांकडे कामाच्या वेळेतल्या दोन तासिका मागा, आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं. ‘मला शिकायला वेळ द्या’ असं मोघम मागितलं तर मिळणार नाही. असं म्हणा : “मागच्या वर्षी आपल्याकडे ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत गेलेले पंप इतके आहेत. त्यातले इतके पुन्हा आले. मी त्यांचे लॉग वाचून तीन महिन्यांत कारणं काढून देते, त्यासाठी मला एवढा वेळ लागेल.” कारण सापडलं तर त्या एका ओळीत बचतही आहे आणि रुग्णाची सुरक्षाही. त्यांच्या ‘स्किल अपग्रेड’ला अर्थ तुम्हीच द्या, त्यांच्याकडे तो तयार नाही. (आणि हे सदर एखादे साहेब वाचत असतील, तर त्यांना कळकळीची विनंती : माणसांना शिका म्हणून सांगताना काय शिकायचं, केव्हा शिकायचं आणि शिकल्यावर कुठे वापरायचं हे सांगा. नाहीतर तुमच्या हाती नुसत्या सह्या येतील.)

नेटवर्क आणि सुरक्षेचं थोडं तरी शिकावंच लागेल, त्यातून सुटका नाही. आयपी ॲड्रेस, पोर्ट, पंप सर्व्हरला सापडत नसेल तर दोष पंपात, ॲक्सेस पॉइंटमध्ये की सर्व्हरमध्ये हे क्रमाने कसं वगळत जायचं, एवढ्यापासून सुरुवात पुरते. तुम्ही पॉवर सप्लाय तपासता तेव्हा हेच करता : फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, एकेक टप्पा. सुरक्षा का, तर १२ मे २०१७ आठवा. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने ब्रिटनमधल्या कितीतरी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले, ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, काही ठिकाणी एमआरआयसारखी यंत्रंही अडकली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. मग ते सगळीकडे का लावलं गेलं नाही? एक कारण तुम्ही लगेच ओळखाल : वैद्यकीय यंत्रावर उठसूट अपडेट टाकता येत नाही, निर्मात्याने ते तपासून मान्य करावं लागतं, नंतर पुन्हा चाचणी, पुन्हा नोंद. आयटीतल्या माणसाला हे सांगावं लागतं. तुम्हाला सांगावं लागत नाही. आयटी आणि वर्कशॉप यांच्यामध्ये उभं राहून दोघांचीही भाषा बोलू शकणारी माणसं आज कमी आहेत, आणि ती जागा तुम्हाला जमेल असं मला तुमच्या पत्रावरून मनापासून वाटतं.

आणखी एक वाट सुचवते, कारण तिला कुणी ‘स्किल’ म्हणत नाही. २०१० मध्ये माल्किन आणि कीन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधनं अपुरी असलेल्या ६० रुग्णालयांमधून, ११ देशांतून, दुरुस्तीच्या २,८४९ मागण्या त्यांनी तपासल्या. बंद पडलेल्या उपकरणांपैकी ७२ टक्के बाहेरून सुटे भाग न मागवता पुन्हा चालू झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नीट नोंद असलेल्या दुरुस्त्यांपैकी २५ टक्क्यांना लागलं होतं ते फक्त योग्य प्रकारे बसवणं किंवा वापरणाऱ्याला शिकवणं. पाना नाही, सोल्डरिंग नाही. सिस्टरच्या शेजारी उभं राहून ‘असं लावा’ म्हणणं. तेही बिघाड दुरुस्त करणंच आहे. तुमच्या दहा फायलींतल्या तीन-चार फायलींचा शेवट वॉर्डात उभं राहून दहा मिनिटं समजावण्यात झाला, तर ते लिहून ठेवा : कोणत्या वॉर्डात, काय समजावलं, नंतर तक्रार आली का. या नोंदींतून पुढे वापरकर्त्यांच्या प्रशिक्षणात, तक्रारींच्या तपासात किंवा बाजारात गेलेल्या उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात जाता येतं. आयएसओ १४९७१ हे जोखीम व्यवस्थापनाचं मानक तेव्हा वाचायला घ्या. धोका, धोक्याची परिस्थिती आणि इजा या तिन्हींत ते जो फरक करतं तो आधी किचकट वाटतो. तुमच्या एखाद्या फाइलवर लावून बघा : कीपॅड थरथरणं हा दोष झाला, औषधाचा वाजवीपेक्षा जास्त दर हा धोका, रुग्णाला चुकून ५५ च्या दराने औषध जायला लागणं ही धोक्याची परिस्थिती, रुग्णाचा रक्तदाब कोसळणं ही इजा. यातला कोणता दुवा कशाने तोडता येईल, हा सगळा त्याचा विषय आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मोड्यूलमध्ये ती असणारच. घाबरू नका, आणि आत्ता तिच्यामागे लागूही नका. लॉग वाचता यायला लागला की ‘हा पंप लवकरच बिघडणार’ असं सांगणारी प्रणाली नेमकं काय बघून बोलते, हे तुम्ही विचारू शकाल. आणि तिचं चुकलं तर ते कशावरून कळलं, हेही सांगू शकाल.

तर सोमवारी आधी क्वालिटीकडे जा, त्या एसओपींसाठी. मग कपाट उघडून ऑक्लूजनच्या दहा फायली बाजूला काढा. पहिला लॉग उतरवताना तो मुलगा शेजारी असू द्या, आणि त्याच वेळी पंप चालू ठेवून मोटार ऐकायला त्याला खाली वाकायला लावा. दहा फायलींत काय निघालं ते मला नक्की लिहा. विशेषतः ज्यांत काहीच निघालं नाही, त्यांच्याबद्दल.